इंजिन बदललं, सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही

रावेर तालुक्यातल्या एका केळीवाल्या भावाने विचारलं आहे. त्यांची २०१३ ची डिझेल पिकअप, कॉमन रेलवाली, म्हणजे पंप एका सामाईक नळीत (रेलमध्ये) दाबाचं डिझेल भरतो आणि सगळी नोझल तिथून घेतात ती. मे महिन्यात माल भरून चालली असताना रेडिएटरचा होज फुटला, ड्रायव्हरने तापमानाच्या काट्याकडे बघितलं नाही आणि इंजिन जाम झालं. इंजिन बोअरिंगचा (सिलिंडर घासून दुरुस्त करायचा) खर्च ऐकून त्यांनी इंदूरहून त्याच मॉडेलचं जुनं इंजिन आणलं आणि गावातल्या मिस्त्रीकडून बसवून घेतलं. आज पाचवा दिवस. सेल्फ मारला की इंजिन झकास फिरतं, पण पकडत नाही. एक मिस्त्री म्हणतो पंप गेला, दुसरा म्हणतो ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उडाला, तिसऱ्याने चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी) खोलून जळगावला पाठवायला सांगितलं. माल शेतात तयार आहे. "आधी कशावर पैसे घालू?" असा त्यांचा सवाल.

भाऊ, आज कशावरच घालू नका. आणि ते जाम झालेलं जुनं इंजिन अजून भंगारात दिलं नसेल तर देऊ नका. ते का, ते पुढे सांगतो.

मी धुळ्यात हे काम करतो, तीस वर्षं होत आली. महिंद्राच्या जुन्या जीपांवर शिकलो, आता लॅपटॉप लावून गाड्या बघतो. इंजिन बदललेली गाडी टोचन करून दारात आली की मी आधी एकच विचारतो: खोललं काय-काय होतं? काय बिघडलं असेल हे नंतर. तुमच्या बाबतीत असं बघा. इंजिन जाम होईपर्यंत तुमची गाडी धावत होती. म्हणजे टाकी, वायरिंग, ईसीयू, चावी सगळं धड होतं. आणलेलं इंजिनही, विकणाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवायचा तर, दुसऱ्या गाडीत चालत होतं. नवरा चांगला, नवरी चांगली, तरी लग्नात भांडण होतं ते मानपानावरून. तुमचं भांडणही दोघांच्या जोडावर आहे: एखादा कप्लर (तारा जोडणारा प्लग), एखादी नळी, एखादी अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणी). पंप, ईसीयू आणि चार नोझल अशा तीन वेगळ्या वस्तू नेमक्या इंजिन बसवायच्या दिवशीच मरतील हा योगायोग मला पटत नाही. निदान तपासल्याशिवाय तरी नाही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. आणलेलं इंजिन चालू असताना तुम्ही स्वतः ऐकलं होतं का, की ते खाली काढून ठेवलेलंच बघितलं? सोबत ईसीयू दिला होता का, आणि दिला असेल तर मिस्त्रीने तोच लावला का? फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक) कुठलं बसवलं, तुमचं की आलेलं? आणि इंजिन बीएस-३ गाडीचं होतं की बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी नियम)? हे शेवटचं क्षुल्लक वाटेल, पण देशभर बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ पासून. मुंबई, पुणे, सोलापूर आणि बाहेरच्या काही मोठ्या शहरांत ते २०१० पासूनच होतं. म्हणजे २०१३ ची रावेरची गाडी बीएस-३ असू शकते आणि त्याच सालचं, त्याच नावाचं शहरातलं इंजिन बीएस-४. लोखंड तेच, पण नोझल, सेन्सर, कधी-कधी कप्लरच्या पिनाही वेगळ्या. दोन्ही इंजिनं शेजारी-शेजारी ठेवून एकेक सेन्सर डोळ्यांनी जुळवा. याला पैसा लागत नाही, तासभर जातो.

हे सगळं बघण्याआधी बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावा. पाच दिवस तुम्ही सेल्फ मारताय. सेल्फ फिरला म्हणजे बॅटरी बरी आहे असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. स्वस्थ बॅटरी उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि सेल्फ फिरत असताना साडेनऊच्या खाली जायला नको. त्याखाली गेली तर सेल्फ कसाबसा फिरेल, पण ईसीयू मध्येच झोपेल, आणि तुम्ही बिचाऱ्या पंपाला शिव्या द्याल. सेल्फही एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबा. नाहीतर इंजिन राहील बाजूला आणि सेल्फच्या आतली गुंडाळी, आर्मेचर, जळेल.

बॅटरी भरली की पहिली चाचणी फुकटची. एक माणूस सायलेन्सरच्या तोंडाशी उभा करा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. पांढरा-करडा धूर येतोय आणि डिझेलचा वास आहे? मग डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय, जळत नाहीये. धूरच नाही? मग डिझेल आत जातच नाहीये. या एका गोष्टीवर अर्धी गाडी तपासातून बाद होते. फक्त एक फसवणूक लक्षात ठेवा: पडून असलेल्या इंजिनात गंज लागू नये म्हणून विकणारे वरून ऑइल ओततात. ते पहिल्या दोन-चार वेळा निळसर धुरासारखं बाहेर येतं. म्हणून चाचणी तीनदा करा आणि शेवटची धरा.

तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं धूर येत नसावा, कारण आला असता तर तिन्ही मिस्त्रींपैकी कोणीतरी त्याबद्दल बोलला असता. म्हणून आधी बिनधुराची बाजू.

कॉमन रेलच्या गाडीत नोझल उघडायचं की नाही हे ईसीयू ठरवतो. जुन्या पंपाच्या गाडीत इंजिन फिरलं की पंप डिझेल ढकलायचा, त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. इथे परवानगी लागते, आणि ती द्यायच्या आधी ईसीयू चार गोष्टी बघतो: मला करंट आणि अर्थिंग नीट मिळतेय का, चावी ओळखीची आहे का, इंजिन खरंच फिरतंय का आणि कुठल्या जागी आहे, आणि रेलमध्ये दाब तयार झालाय का. यातलं एक जरी नसलं तरी तो गप्प बसतो आणि सेल्फ बिचारा फिरत राहतो.

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागतो का? लागलाच नाही तर बहुधा ईसीयूला करंट किंवा अर्थिंग नाही. मग फ्यूज, मेन रिले आणि अर्थिंग याच क्रमाने बघा. फ्यूज डोळ्यांनी बघू नका, टेस्ट लॅम्प दोन्ही टोकांना लावा. केसाएवढी भेग डोळ्याला दिसत नाही. दिवा लागला, पण चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतंय, तर इमोबिलायझरचं भांडण आहे. तुमच्या गाडीत ती सोय असेल आणि मिस्त्रीने इंदूरचा ईसीयू लावला असेल, तर त्याला तुमची चावी ओळखता येणार नाही. सरळ तुमचा जुना ईसीयू परत लावा. इंजिन बदललं म्हणून ईसीयू बदलावा लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

अर्थिंगवर जरा थांबतो, कारण मला सगळ्यात जास्त पाणी तिनेच पाजलंय. काही वर्षांपूर्वी पारोळ्याकडची एक गाडी आली होती. तीच कथा: भंगारातून इंजिन, सेल्फ जोरात, गाडी पकडेना. माझ्याआधी दोघांनी हात लावला होता आणि मालकाने नवा क्रँक सेन्सर (इंजिनचा मुख्य दांडा, क्रँक, फिरतोय का ते सांगणारा) आणि दुसरा पंप घेऊन झाला होता. मीही पहिला दिवस वाया घालवला. स्कॅनर (ईसीयूतली माहिती वाचायचं यंत्र) कधी जोडला जायचा, कधी मध्येच तुटायचा. संध्याकाळी माझ्या हाताखालचा पोऱ्या म्हणाला, "उस्ताद, इंजिनला रंग किती छान मारलाय!" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. विकणाऱ्याने इंजिन नवं दिसावं म्हणून धुऊन त्यावर चकचकीत चंदेरी रंग मारला होता, आणि ईसीयूच्या अर्थिंगची गोल टर्मिनलं त्या रंगावरच आवळली होती. बॅटरीची जाड निगेटिव्ह केबल गिअरबॉक्सला होती, म्हणून सेल्फला पूर्ण करंट मिळत होता आणि तो दिमाखात फिरत होता. ईसीयूच्या बारीक तारा मात्र रंगाच्या थरावर बसल्या होत्या. पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा घासली, बोल्ट परत आवळला, दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू. मालकाला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला, कारण घेतलेला पंप कोणी परत घेणार नव्हतं.

तेव्हापासून मी अर्थिंग डोळ्यांनी तपासत नाही, मोजतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं ईसीयूच्या अर्थिंगच्या टर्मिनलवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याजवळ राहिला तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तरी ती अर्थिंग खराब समजा. मग तेच इंजिनच्या ब्लॉकवर टोक लावून करा. चेसिस आणि इंजिनला जोडणारी वेणीची पट्टीही बघा. इंजिन उतरवताना ती हटकून काढतात आणि चढवताना हटकून खाली राहते.

अर्थिंग झाली की सेन्सर. आता स्कॅनर लागेल. तुमच्या मिस्त्रीकडे नसेल तर सावदा, फैजपूर किंवा भुसावळहून एखादा वायरमन बोलवा. त्याची मजुरी पंपाच्या किमतीपुढे चहापाण्याएवढी आहे. त्याला नुसते कोड (ईसीयूने नोंदवलेले बिघाड) वाचायला सांगू नका. पाच दिवसांत कप्लर काढून-लावून पंधरा खोटे कोड जमा झाले असतील. सगळे पुसून टाका, सेल्फ मारा, मग कुठला परत येतो ते बघा. आणि सेल्फ फिरत असताना आरपीएमचा आकडा बघायला सांगा. दीडशे ते अडीचशे दिसला तर ईसीयूला इंजिन फिरताना दिसतंय. शून्य दिसला तर त्याच्या लेखी इंजिन उभंच आहे, मग तो डिझेल कशाला देईल?

शून्य असेल तर फ्लायव्हीलचा मुद्दा इथे येतो. क्रँक सेन्सर एका दात्याच्या किंवा भोकांच्या चाकासमोर बसतो. बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत साठ दातांची जागा असते आणि दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे दिसायला अठ्ठावन्न. ती मोकळी जागा समोरून गेली की ईसीयूला कळतं इंजिन कुठल्या कोनात आहे. क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कुठे एक चक्र पूर्ण होतं, म्हणून पहिला फेरा की दुसरा हे सांगायला कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) सेन्सर. आता हे खाचांचं चाक तुमच्या मॉडेलमध्ये फ्लायव्हीलवर आहे की पुढच्या पुलीकडे, ते बघा. फ्लायव्हीलवर असेल आणि आलेलं फ्लायव्हील दुसऱ्या जातीचं असेल, तर सेल्फचे दात जुळतील, क्लचही बसेल, पण खाचांची भाषा वेगळी निघेल. सेन्सर आणि चाकामधली फटही महत्त्वाची. ती साधारण एक मिलिमीटर असते. खाली जास्तीचा वॉशर राहिला किंवा सेन्सर तिरका बसला की सिग्नल मरतो. लोखंडी कीस चिकटला असेल तर पुसा.

आणि कप्लर! काही इंजिनांवर दोन-तीन सेन्सरचे कप्लर सारख्याच तोंडाचे असतात. वायरिंगची फांदी जरा ओढली की याचं त्याला बसतं. ते बसताना "टक" आवाजही येतो, त्यामुळे मिस्त्री निश्चिंत. प्रत्येक कप्लर काढा, आतल्या पिना वाकल्यात का बघा आणि तारेचा रंग जुन्या फोटोशी जुळवा. फोटो काढलेच नसतील तर, बरं, पुढच्या वेळी काढा. आमच्या काळी नळ्यांना चिंध्या बांधून ठेवायचो, आता खिशात कॅमेरा आहे तरी लोक खोलायला आधी पाना काढतात.

आता जुनं इंजिन का विकायचं नाही ते. त्याचा क्रँक जाम झाला, पण त्याच्यावरचे सेन्सर, पंप, नोझल हे त्या दिवसापर्यंत तुमच्याच ईसीयूबरोबर, तुमच्याच वायरिंगवर काम करत होते. ती तुमची घरातलीच स्पेअर पार्टची पेटी आहे. क्रँक सेन्सरवर संशय आला तर नवा घेऊ नका, जुन्या इंजिनावरचा काढून लावा. रेलच्या दाबाचा संशय आला तर जुन्याचा दाबाचा सेन्सर लावा. एका वेळी एकच वस्तू बदलायची, सेल्फ मारायचा, फरक बघायचा. इंजिन तापून गेलंय, त्यामुळे हेडजवळचा एखादा सेन्सर भाजलेला असू शकतो, एवढी शंका मनात ठेवा. पंपाला त्या तापाने सहसा काही होत नाही. म्हणून खरंच पंप गेलाय असं ठरलं, तरी तुमच्याकडे एक आहेच.

आरपीएम दिसतोय आणि तरी धूर नाही, तर डिझेलकडे चला. सगळ्यात आधी दोन नळ्या: टाकीकडून येणारी आणि टाकीकडे परत जाणारी. या उलट बसवलेल्या मी इतक्या वेळा बघितल्यात की आता कोणाला हसत नाही. जाडी सारखी, रंग काळा, दोन्ही फिल्टरजवळच. टाकीपासून हाताने नळी धरत-धरत या. मग एअर, म्हणजे लाइनीत अडकलेली हवा. इंजिन बदलताना लाइन पूर्ण रिकामी होते. फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. टाकीत विजेचा पंप असेल तर चावी पाच-सहा वेळा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबून. हातपंप कडकच होत नसेल किंवा रात्रीतून पुन्हा मऊ पडत असेल, तर कुठेतरी हवा शिरतेय.

इथे एक गैरसमज आहे. लोक सांध्यावर हात फिरवून म्हणतात, "डिझेल गळत नाही, म्हणजे सांधा पक्का." बहुतेक गाड्यांत टाकी खाली आणि फिल्टर वर असतो, आणि टाकीत विजेचा पंप नसेल तर डिझेल इंजिनाच्या बाजूने ओढलं जातं. ओढणाऱ्या बाजूचा सांधा ढिला असला की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. विहिरीवरच्या मोटरच्या फुटव्हॉल्व्हला हवा लागली की पाणी उचलत नाही, तसंच. बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) जुने तांब्याचे वॉशर परत वापरले असतील तर तेच कारण असेल, दहा-वीस रुपयांचे नवे टाका. आणि फिल्टरनंतरच्या नळीत, पंपाच्या आधी, हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा. बुडबुडे डोळ्यांनी दिसतील, वाद संपेल.

यानंतर स्कॅनरवर रेलचा दाब बघा. सेल्फ फिरताना साधारण दोनशे बारच्या पुढे दाब गेल्याशिवाय बऱ्याच गाड्यांचा ईसीयू नोझल उघडत नाही; नेमका आकडा गाडीप्रमाणे कमी-जास्त. दाब पन्नास-शंभरावर अडकत असेल, आणि डिझेल बुडबुड्यांशिवाय पंपापर्यंत येतंय, दाबाच्या व्हॉल्व्हचा कप्लरही लागलेला आहे, तेव्हा कुठे तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या मिस्त्रीचं म्हणणं विचारात घ्यायचं. नोझल काढायची गरज तेव्हाही नाही. चारही नोझलच्या परतीच्या बारीक नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडा आणि सेल्फ मारा. तीन बाटल्यांत थोडं-थोडं आणि एकीत भराभर आलं, तर ते एक नोझल दाब खातंय. त्याच्या जागी जुन्या इंजिनावरचं घाला. चारही बाटल्या जवळपास रिकाम्या, तरी दाब नाही, तर पंप किंवा त्याचा व्हॉल्व्ह. नोझल बदलल्यावर त्याचा स्वतःचा कोड (बिघाडाचा नव्हे, नोझलवर छापलेला) ईसीयूत टाकावा लागतो हे खरं, पण कोड नसला म्हणून सहसा गाडी सुरूच होत नाही असं होत नाही. ती खडखडते, धूर काढते, ओढत नाही. सुरू झाल्यावर कोड टाकून घ्या.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. जुन्या पंपाच्या गाडीत आपण नोझलच्या पाइपाचा नट ढिला करून, सेल्फ मारून एअर काढायचो. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. चालू इंजिनात तो दाब हजार बारच्या वर जातो. सुईएवढ्या फटीतून निघालेलं डिझेल कातडीतून आत शिरतं, वरून फक्त मुंगी चावल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही. पुढे बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असं झालंच तर जखम लहान आहे म्हणून घरी बसू नका, लगेच दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना दाबाचं डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

(हे वाचणाऱ्या कोणाची गाडी जुन्या डीआय पंपाची असेल तर त्याचं गणित वेगळं. तिथे आधी पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड बघा, चावी ऑन केल्यावर "टक" करतो का. किंवा स्टॉपची केबल ओढलेली राहिली आहे का. मग एअर. मग पंपाचं टायमिंग. जुने उस्ताद टायमिंगवर का अडून बसतात ते यामुळे. कॉमन रेलचा पंप फक्त दाब तयार करतो, डिझेल कधी सोडायचं ते ईसीयू बघतो, म्हणून बहुतेक गाड्यांत पंपाच्या टायमिंगने सुरू होण्यावर फरक पडत नाही.)

आता समजा धूर येतोय, भरपूर पांढरा, आणि इंजिन पकडत नाही. म्हणजे डिझेल आहे, पण जाळायला हवा नाही किंवा पुरेशी गरमी नाही. एअर फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंत सगळे होज काढा आणि आत टॉर्च मारा. इंजिन उतरवताना कचरा जाऊ नये म्हणून मिस्त्री तोंडात कापडाचा बोळा कोंबतात. कापसाच्या मुलखात कॉटन वेस्टला काय तोटा! तो बोळा आतच राहिलेला मी स्वतः दोनदा काढलाय, आणि एकदा तो मीच कोंबलेला होता. इंजिन वर्षभर गोडाऊनमध्ये पडून असेल तर उंदराने केलेलं घरटं किंवा कुंभारीण माशीचा मातीचा गोळाही निघतो. सायलेन्सरकडची बाजूही बघा.

हवा मोकळी असेल तर आवाज ऐका. चांगल्या डिझेल इंजिनात सेल्फ मारला की ताल असतो, प्रत्येक सिलिंडरला सेल्फ जरा अडखळतो. तसं न होता जिनिंगच्या मशीनसारखा एकसुरी, भरधाव, हलका आवाज येत असेल तर कम्प्रेशन नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबलीच जात नाही. तुम्ही लिहिलंय "इंजिन झकास फिरतं". मला त्या "झकास"चीच थोडी भीती वाटते. कम्प्रेशन गेज लावून घ्या. अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडरला पंचवीस-तीस बारच्या घरात आकडा यायला हवा आणि चौघांत फार फरक नको. वीसच्या खाली असेल तर पडून राहून रिंगा चिकटल्या, व्हॉल्व्ह गंजले किंवा कोणीतरी पुढचं कव्हर खोलून टायमिंग चुकवून बसवलं. मग तो विकणाऱ्याशी भांडायचा विषय आहे, तुमच्या मिस्त्रीशी नाही. हीटर प्लगचं (थंडीत सिलिंडर आतून तापवणाऱ्या प्लगचं) कोणी नाव काढलं तर सोडून द्या. दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि डिझेलला पेटायला दोनशेच्या थोडं वर पुरतं; जानेवारीत पहाटे धुळ्याला प्लग कामाला येतो, मे-जूनमध्ये रावेरला नाही.

एवढं सगळं करायचा कंटाळा येऊन कोणीतरी म्हणेल, "काय भो, पेट्रोलचा बोळा धरा नाहीतर ट्रॅक्टरने ओढा, होईल सुरू." दोन्ही करू नका. पेट्रोलची वाफ डिझेलच्या कम्प्रेशनला अवेळी पेटते, पिस्टन आणि रिंगा फुटतात, हीटर प्लग गरम असेल तर भडका तोंडावर येतो. आणि टायमिंग चुकलेलं असेल तर ओढताना व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून दुसरंही इंजिन हातचं जाईल. सेल्फने जी गाडी सुरू होत नाही, तिला ओढून कळणार काहीच नाही.

सुरू झाली की लगेच केळी भरायला पळवू नका. अर्धा तास उभी चालवा, कूलिंगमधली हवा काढा, नवा होज आणि क्लिपा टाका, आणि काट्याचा सेन्सर खरंच आकडा दाखवतोय का बघा. पहिलं इंजिन त्या काट्याकडे न बघितल्यानेच गेलं. दुसरं म्हणजे इंजिन नंबर. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याचं आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. इंदूरवाल्याकडून बिल आणि इंजिन कुठल्या गाडीचं होतं त्याचा कागद मागून घ्या. तुमची गाडी बऱ्हाणपूरकडे जाते, हद्दीवर कोणी नंबर तपासला तर चोरीच्या इंजिनाचा संशय तुमच्यावर यायला नको.

तर भाऊ, उद्या बॅटरी भरून एवढं बघा आणि कळवा: धूर येतो का आणि कुठल्या रंगाचा, चावी ऑन केल्यावर इंजिनचा दिवा लागतो का, सेल्फ फिरताना स्कॅनरवर आरपीएम आणि रेलचा दाब किती, आणि इंजिनला नवा रंग मारलेला आहे का. शेवटचं आधी सांगितलंत तरी चालेल.